सुभेदारांची सवलत

चारही पदकं ब्लेझरवर नीट लावून सुभेदार उत्तमरावांनी जाहीर केलं, की गाडीच्या विम्याचं आता आपण बघतो. त्यांच्या मुलाने, प्रबोधने कपाळाला हात लावला.

वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून त्याने सिंगापूरच्या पुंगोल भागात राहायला आल्यावर पहिल्यांदाच गाडी घेतली होती, तीही सेकंडहँड. विम्याचा हप्ता ऐकून त्याचेच गुडघे दुखायला लागले. उत्तमरावांचं म्हणणं साधं होतं. फौजीला आर्मी कॅन्टीनमध्ये साबणापासून स्कूटरपर्यंत सगळं सवलतीत मिळतं, मग इथे विमा का मिळू नये?

खरं दुखणं पैशाचं नव्हतंच. त्यांचे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते, वडील होते, ते स्वतः होते. प्रबोधने मात्र बंदुकीऐवजी सूक्ष्मदर्शक हातात धरला आणि वन-नॉर्थ या संशोधन केंद्रांच्या भागातल्या प्रयोगशाळेत जाऊन बसला. ‘आमच्या घरातली वर्दी माझ्याबरोबर खुंटीला लागली,’ हे ते लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांनाही ऐकवत. त्या वर्दीने मुलाच्या संसाराला एकदा तरी हातभार लावावा, एवढंच त्यांना हवं होतं.

सुनेबद्दल मात्र तक्रार नव्हती. मेधा शनिवारी पहाटे सरावाला निघायची आणि उन्हाने रापून परतायची. भीमजयंती जवळ आली होती, दारामागे लेझीम टांगलेली होती. परदेशात राहून पोरगी एवढं करते, याचं त्यांना फार कौतुक वाटे. एकदा ती टाचांना फोड घेऊन आली, तेव्हा त्यांनी फौजेतला उपाय सांगितला: मोज्याला टाचेशी आतून सुका साबण घासायचा. मग तिने विचारलं, उन्हात फार वेळ उभं राहिलं की चक्कर येते, त्याला काय करायचं? मिरवणूक वेळेवर निघत नाही हे उत्तमरावांना चांगलंच ठाऊक होतं.

“गुडघे किंचित सैल सोड आणि पायाची बोटं हलवत राहा,” ते म्हणाले. “वरून कुणाला कळत नाही.”

तर, तिघंही विम्याच्या एजंटकडे गेले. जेसलिन नावाची ती तरुणी अगदी अदबीने वागली. तिने पदकांची चौकशी केली, माजी सैनिकाचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. मग तिने समजावलं, की त्यांच्या कंपनीची सवलत इथल्या सैन्यातल्या लोकांना असते. सक्तीची सेवा केलेली मुलं, राखीव जवान, स्वयंसेवक, असे सगळे त्यात येतात. गाडीमालक किंवा त्याची बायको, नाहीतर नवरा, यांपैकी कुणीतरी त्यातलं लागतं. प्रबोध तिशीत नोकरीसाठी इथे आलेला, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता.

“सॉरी अंकल,” ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. “दुसऱ्या देशाची आर्मी कॅनॉट, लाह.”

उत्तमरावांनी कार्ड खिशात ठेवलं. त्यांना लागलं होतं, आणि ते लपवणं त्यांना जमत नव्हतं.

“चला,” ते मुलाला म्हणाले. “खुंटीवरच्या वर्दीला कोण विचारतंय.”

प्रबोधला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. तो खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता.

मेधा उठली. पर्समधून एक कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं. जेसलिनने ते पाहिलं, कीबोर्ड पुढे ओढला आणि नवा, लहान आकडा टाइप करायला घेतला.

उत्तमरावांनी चष्मा लावला. फोटोतल्या लष्करी टोपीखालचा चेहरा ओळखीचा होता. त्यांनी दोनदा बघितला.

“आणि लेझीम?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“ती जयंतीला, बाबा. शनिवारी इथल्या सैन्यातल्या स्वयंसेवकांची परेड असते.”

त्यांनी मान वर केली. मेधा त्यांच्यासमोर सावधानमध्ये उभी होती, गुडघे किंचित सैल, आणि सँडलमधली तिची बोटं हळूहळू हलत होती.