बॅटरीत जीव आहे

वैजयंतीने किल्ली फिरवली. गाडी नुसतीच टकटकली. मागच्या सीटवर वडील छाती दाबून बसले होते. ॲम्ब्युलन्सला तास लागणार होता.

"दिवे लावून पुन्हा फिरव," ते म्हणाले. एसटीच्या डेपोत तीस वर्षं त्यांनी बॅटऱ्याच तपासल्या होत्या.

दिवे लख्ख लागले, पण किल्ली फिरवताच पार विझले.

"म्हणजे बॅटरीत जीव आहे. वायरीचा जोड बघ. पांढरं साचलंय?"

तिने बॉनेट उघडलं. "खूप, अण्णा."

"काळी वायर आधी सोडव. दोन्ही टोकं घासून घट्ट आवळ."

पाना तिच्या हातातून दोनदा निसटला.

"घाई नको. मी आहे."

गाडी सुरू झाली. तिला रडू फुटलं.

"रड, पण इंजिन बंद करू नकोस."

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर आडवं होताना तेच म्हणाले, "आता कर बंद."