खिडकीजवळची जागा

गडब गावच्या बचतगटातल्या बायका आपापल्या घरी पापड लाटत. कुणाचे जाड, कुणाचे पातळ, म्हणून पेणच्या व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. गटप्रमुख सीताबाईंनी रिकामा गाळा घेतला आणि सगळ्यांना तिथं एकत्र लाटायला बोलावलं. “घर टाकून हितं कोण येणार?” नंदानं तोंडावरच विचारलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सीताबाईंनी समजावत बसण्याऐवजी खडूनं फरशीवर चौकोन आखले: पीठ मळायला एक, पोरं खेळायला एक, लाटणारीला एकेक. मग दाराशी, सगळ्यांच्या पायात येणाऱ्या चौकोनात स्वतःचा पोळपाट ठेवला. “मी हितं बसणार. शेजारीशेजारी लाटलं, की सगळे पापड एकसारखे.” गटातली सगळ्यात धाकटी किमया हळूच खिडकीजवळच्या चौकोनात बसली. “ऊठ गो,” नंदा पुढे झाली, “मला कमी दिसतं, उजेडाची जागा माझी.” “आधी मी बसलेय.” दोघींची जुंपली. सीताबाई पीठ मळायला बसल्या. भांडण सोडवायची त्यांना घाई नव्हती.