सहा अंश

"सहा डिग्रीचा फरक आहे," शेखर म्हणाला. "दोघीही पुन्हा वाचा."

गुहेचं छत इथे इतकं खाली आलं होतं की तिघंही उकिडवे बसले होते, गुडघे छातीशी घेऊन. टेपच्या एका टोकाला विनोदिनीताई, दुसऱ्या टोकाला दीक्षा, मध्ये आकडे लिहिणारा शेखर. गुहांचे नकाशे करणाऱ्या रायपूरच्या या हौशी मंडळाची मोजणीची रीत साधी आहे. एकीनं होकायंत्रातून दुसरीच्या दिव्याकडे पाहायचं, मग दुसरीनं पहिलीच्या दिव्याकडे. दोन्ही दिशा नेमक्या उलट आल्या पाहिजेत. नाही आल्या तर पुढे सरकायचं नाही, कारण इथला चुकलेला कोन पुढची सगळी गुहा नकाशात भलतीकडे नेऊन ठेवतो.

दोघींनी पुन्हा वाचलं. फरक तेवढाच.

"दीक्षा, तू काटा थांबूच देऊन नाही राहिली."

"भैया, मैंने ठीक देखा है," दीक्षा म्हणाली. रायपूरच्याच गुढियारी भागातली ही पोरगी दुसऱ्यांदाच गुहेत उतरली होती. विनोदिनीताई तिच्या जन्माआधीपासून गुहा मोजत होत्या. शेखरनं कुणावर शंका घ्यायची, हे ठरल्यासारखंच होतं.

"कोणाजवळ लोखंड तर नाही राहिलं?" त्यानं विचारलं.

लोखंड जवळ आलं की काटा बहकतो. म्हणून गुहेच्या तोंडाशीच सगळ्यांचे खिसे रिकामे करून घेतात, आणि ते काम विनोदिनीताईंचं. त्यात त्या सासूहून कडक. किल्ल्या, कमरेचे पट्टे, मोबाइल, सगळं पिशवीत. सकाळी त्यांनी दीक्षाच्या केसांतल्या पिनासुद्धा स्वतःच्या हातानं उपटून काढल्या होत्या.

"मेरे पास कुछ नहीं है," दीक्षा म्हणाली. विनोदिनीताईंनी हात गुडघ्यावर ठेवला.

"मंग तू लिहायला बस. कंपास मी धरतो. पुढल्या खेपेला पाहू तुझं."

दीक्षानं मान खाली घातली आणि होकायंत्र त्याच्यापुढे केलं.

"थांब," विनोदिनीताई म्हणाल्या. "पोट्टीचं बरोबर आहे. माझंच चुकून राहिलं."

त्यांनी चिखलानं जड झालेली पॅन्ट गुडघ्यावर सरकवली. आत गुडघ्याला आवळलेला पट्टा होता, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या घातलेला. उभ्यानं वाचताना तो होकायंत्रापासून लांब राहतो, काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. इथे मात्र गुडघा होकायंत्राला जवळजवळ टेकला होता.

शेखरनं वाकून पट्टा पाहिला. "कधीपासून आहे हे, दीदी?"

"दिवाळीपासून."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू मले आणलं असतं काय?"

नसतंच आणलं. गुडघा गेलेल्या माणसाला मंडळ गुहेत नेत नाही. हा नियमही विनोदिनीताईंचाच, आणि तो त्यांनी आजवर भल्याभल्यांना तोंडावर ऐकवला होता. त्यांनी गप्प बसून शेखरच्या वेळी गुडघा हळूच बाजूला घेतला असता तर चूक आपोआप नवख्या पोरीच्या गळ्यात पडली असती आणि त्यांच्या गुहा चालू राहिल्या असत्या. माणसं याहून कितीतरी क्षुल्लक गोष्टींसाठी तोंड मिटून घेतात. या बाईनं नाही मिटलं, आणि मला तिचं फार कौतुक वाटतं.

"ही माझी शेवटची गुहा," त्या म्हणाल्या. "समजते मले. पण हे तर नीट करू."

त्यांनी पट्टा सोडला. शेखरनं तो मागे लांब नेऊन ठेवला. विनोदिनीताईंनी ओठ दाबून तोच गुडघा पुन्हा दुमडला आणि होकायंत्र डोळ्याला लावलं. या वेळी दोघींचं जुळलं. शेखरनं आकडा लिहिला.

पुढची वाट आणखी चिंचोळी होती.

"तू जा पुढं," विनोदिनीताई दीक्षाला म्हणाल्या. "मी इथूनच दिवा धरते."

दीक्षा पोटावर सरपटत आत गेली. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला.

"दीदी, आपकी लाइट हिल रही है। बहुत दर्द हो रहा है क्या?"

विनोदिनीताईंनी टोपीवरचा दिवा काढला आणि दोन्ही हातांनी खडकावर दाबून धरला.

"हव, दुखून राहिलं," त्या म्हणाल्या. "आता नाही हालत. वाच."