पुसलेली काच

कॅमेरा कंपनीच्या तपासणी विभागातल्या काकूंनी सीलबंद पाकिटातून गाडीचा मागचा कॅमेरा काढला, स्टँडवर बसवला, वायर जोडली, काचेवरून मऊ फडकं फिरवलं आणि स्क्रीन चालू केला. चित्र लख्ख आलं. भिंतीवरचे काळे-पांढरे चौकोन, आणि खाली, गाडीमागे लहान मूल उभं राहावं तिथे, चाचणीसाठी ठेवलेली लाकडी बाहुली. तिचे रंगवलेले डोळेसुद्धा दिसत होते.

खुर्चीतला माणूस स्क्रीनकडे बघतच राहिला. महिन्यापूर्वी गाडी मागे घेताना त्याची सहा वर्षांची लेक चाकाखाली गेली होती. कॅमेऱ्यात ती दिसलीच नाही, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. पोरगी गेली ती गेलीच, वर लोक म्हणत, मोबाइलमध्ये डोकं असेल. बायको काहीच म्हणत नव्हती, आणि तेच त्याला आतून खात होतं. तपासणी माझ्यासमोर करा, असा हट्ट धरून तो आला होता.

"त्या दिवशी असं नव्हतं हो," तो म्हणाला. "खाली सगळं धुरकट होतं. की मीच नीट बघितलं नाही?"

काकूंचं लक्ष हातातल्या मातकट फडक्याकडे गेलं. परत आलेला कॅमेरा आधी जसाच्या तसा लावायचा, फोटो काढायचा, मगच पुसायचा. नव्या मुलींना हा नियम त्याच शिकवायच्या. पण बारा वर्षं रोज दोनशे नवे कॅमेरे पुसून लावणारा हात, तो कुणाला विचारतो? मुली चिडवायच्या, काकू भरलेला चहाचा कपसुद्धा पुसूनच पितील. आता हसण्यासारखं काही नव्हतं. आधीपासून स्क्रीनवरच डोळे लावून बसलेल्या या माणसानं त्यांना पुसताना पाहिलंही नव्हतं. गप्प बसलं तर नोकरी शाबूत होती. पण त्याचा चेहरा बघवेना.

"माझ्या हातून चूक झाली, दादा. मी आधीच काच पुसली. चिखल होता तिच्यावर, वाळलेला. तसं सहीनिशी लिहून देते. तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं."

त्याचे खांदे सैल पडले. महिनाभरात पहिल्यांदाच त्यानं पुरता श्वास घेतला असावा.

"सगळ्या काचेवर होता?"

"जवळजवळ. वर एक बोटभर पट्टा तेवढा स्वच्छ होता. कुणीतरी पुसायला घेऊन अर्धवट सोडल्यासारखा." खरं सांगायच्या भरात काकू बोलून गेल्या.

त्यानं स्क्रीनवरच्या बाहुलीकडे पाहिलं.

"ती मागे कशाला गेली, हेच मला कळत नव्हतं," तो म्हणाला. "शाळेला निघताना गाडीचा डोळा पुसायचं काम तिचं. त्या दिवशी उशीर झाला होता. मी आत बसूनच म्हटलं, आज राहू दे, चल बस. मागच्या सीटवर दप्तर पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बसली."