गाईडच पाहिजे

“टॅब मामाला परत द्या, पप्पा. मला गाईडच पाहिजे,” अक्षदा म्हणाली आणि सुपातली बाजरी निवडायला लागली.

दादाभाऊ टॅब हातात धरून तसाच उभा राहिला. तिचा मामा बाळासाहेब खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात कामाला होता. त्याने भाचीसाठी दहावीच्या मराठीचे सगळे व्हिडिओ त्यात भरून आणले होते. शिकवणारी बाई अशी, की ती कविता म्हणायला लागली की कांद्याच्या वाफ्यातून आलेला दादाभाऊसुद्धा दारात थबकावा. आणि या पोरीला हवं होतं गाईड. शाळेत जायची तेव्हा हीच गाईडवाल्या मुलींना पोपट म्हणून चिडवायची.

शाळा बंद झाली ती भागू गेल्यापासून. भागू तिचा धाकटा भाऊ, दुसरीतला. दिवाळीनंतर एका दुपारी बिबट्याने त्याला अंगणाच्या कडेवरून उसात ओढून नेलं. त्यानंतर उज्ज्वलाने, पोरांच्या आईने, अक्षदाचं दप्तर माळ्यावर टाकलं. शाळेची वाट दोन्ही अंगांनी उसातून जाते. एक गेलं, दुसरं मी त्या वाटेला घालणार नाही, असं तिने बजावलं आणि तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती झाली नाही. मग घरी अभ्यास करून सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बाहेरून परीक्षा द्यायची, असं ठरलं. गणित, विज्ञान पोरगी आपलं आपण ओढत होती. घोडं अडलं ते मराठीत. कवितेचं रसग्रहण घरी शिकवणार कोण? दादाभाऊ स्वतः बारावीला दोनदा आपटलेला, आणि उज्ज्वला हल्ली कामापुरतंच बोलायची.

खरं तर दादाभाऊला मार्कांची फिकीर नव्हती. कविता म्हणजे अक्षदाचा जीव की प्राण. पूर्वी ती भागूला समोर बसवून कविता म्हणून दाखवायची. तो मध्येच जांभई द्यायचा, ती त्याला टपली मारायची, मग दोघं घर डोक्यावर घ्यायची. आता ती हसणं विसरली होती. एक लेकरू उसाने गिळलं आणि दुसरं घरात बसल्या बसल्या हातचं चाललंय, हे बापाला दिसत होतं. ती परत आली तर कवितेच्याच बोटाला धरून येईल, अशी त्याला आशा होती.

तो तिच्याजवळ खाली बसला.

“अगं, दुसऱ्यानं लिवल्यालं रसग्रहण पाठ करून कविता कळती व्हय? ही बाई बघ किती जीव लावून सांगती. अन् आमी दोघं रानात असलो म्हंजी घरात तेवढाच मानसाचा आवाज.”

हे शेवटचं तो सहज बोलला. त्या भागात सगळेच असं बोलतात. खुरपायला बसलेल्या बाया मोबाईलवर गाणी लावून ठेवतात. मोटार चालू करायला निघालेला गडी एकटाच मोठमोठ्याने बडबडत जातो. माणसाचा आवाज असला की बिबट्या जवळ येत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. दादाभाऊनेही पोरांना तेच शिकवलं होतं.

अक्षदाचे हात सुपात थांबले.

“गाईडला आवाज नसतो,” ती म्हणाली.

दादाभाऊला हे उत्तर उद्धटपणाचं वाटलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

“भागू गेला म्हणून तू बी मेल्यावानी बसणार का?”

बोलला आणि त्याने जीभ चावली. पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हे त्याला जास्त लागलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गावाने दिलेला धीर तिला दिला. दहाव्याला आलेला जो तो हेच सांगून गेला होता. त्या एका गोष्टीच्या आधारावर दादाभाऊच्या घशाखाली घास उतरत होता.

“बाळा, त्याला काय कळलं बी नाय. बिबट्या मान धरतो. हाक मारायला बी सवड मिळाली नाय त्याला.”

अक्षदाने सूप बाजूला ठेवलं.

“त्या दिवशी मी मोबाईलवर कविताच लावली व्हती,” ती म्हणाली. “मी घरात, भागू अंगणात. तुमी सांगितला तेवढा मोठा आवाज ठेवला व्हता.”

“बरं केलंस की मग. त्यात तुझं काय चुकलं?”

गोठ्यात गाय हंबरली, तिकडे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

“बायडाआजी शेळ्या घेऊन ओढ्यापल्याड व्हती,” ती म्हणाली. बायडाबाई म्हणजे शेजारची म्हातारी. “पळत आली ती, पर तवर उशीर झाला व्हता. तुमच्यापुढं तिच्यानं बोलवलं नाय. मला म्हणली, पोरी, तुला कशी गं आली नाय ऐकू?”

“काय ऐकू?” दादाभाऊने विचारलं. त्याचा हात अजून तिच्या डोक्यावरच होता.

“भागूची हाक. ‘ताई, ताई’ करत व्हता.” अक्षदाने बापाकडे पाहिलं. “तिला ओढ्यापल्याड ऐकू आली, पप्पा. मला घरात नाय आली.”