झाडाखालची मावशी

घागरीच्या तळाशी वाटी घासली गेली, त्या आवाजानं उमी जागी झाली. निघालेल्या ओंजळभर पाण्यानं रुद्राणीनं लेकीचं तोंड पुसलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "कामावर मला काय म्हणायचं?"

"मावशी."

"अन् आई कोण?"

"धोंडाबाई."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. दुष्काळी कामावर बायका खडी फोडत, आणि त्यांची लेकरं झाडाखाली सांभाळायची मजुरी रुद्राणीला मिळे. पण मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सवताची पोरगी इथं आणायची न्हाई. आपलंच लेकरू सांभाळायचा पगार घ्यायला तू काय कलेक्टर कचेरीतली बाई हाईस? तिला असती बाळंतपणाची भरपगारी रजा!" तेव्हापासून खडी फोडायला येणारी शेजारची धोंडाबाई उमीला आपली लेक म्हणून कामावर आणायची.

त्या दुपारी उमी खडीवर पडली. गुडघा फुटला, तशी "आई गं!" करत ती थेट रुद्राणीच्या गळ्यात पडली. मुकादम समोरच उभा होता. रुद्राणीनं ते इवलेसे हात सोडवले. "मी न्हाई बाई, तुझी आई तिकडं हाय," म्हणत तिनं धोंडाबाईकडं बोट दाखवलं.

संध्याकाळी घरी येऊन दार लावलं आणि तिनं लेकीला छातीशी घट्ट धरलं. "आता म्हण की गं आई."



उमीनं तिच्या तोंडाकडं बघत विचारलं, "मग तू कुणाची आई हाईस?"