उन्हात या, बाबा

"याला आभाळ दिसू द्या हं, ताई," माणूस कुठे आहे ते फोनवर दाखवणारं घड्याळ विकताना दुकानदार म्हणाला होता. "हो, हो," म्हणत तिने बाळाच्या तोंडातून खोक्याचं झाकण ओढून काढलं होतं. तेवढंच.

आता फोनमधल्या नकाशावर तिच्या सासऱ्यांचा ठिपका तळ्याच्या मधोमध होता.

बाळाला कडेवर घेऊन, पायांत सापडेल ते सरकवून ती तळ्यावर पोचली. पाणी संथ. काठावर चिटपाखरू नव्हतं. सासरे हल्ली रस्ते विसरत. पण दुपारची फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि हातात घड्याळ आहे म्हणून तीही त्यांना एकटं जाऊ देत असे. तिने घड्याळावर फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. या वेळी उचलला गेला.

"अगं, मघापासून ओरडतंय हे! कुठे दाबायचं तेच सुचेना."

"बाबा! पाण्याजवळ आहात का?"

"कसलं पाणी? घोटभर मिळालं तर बरं होईल."

ती तळ्याच्या कठड्यावर टेकली. "मग आहात कुठे?"

"ते ठाऊक असतं तर घरी नसतो का आलो?" ते हसले, पण आवाज कापत होता. "चहूकडे नुसत्या काचेच्या इमारती आहेत. विचारायला माणूस नाही. पाटी दिसतेय, पण चष्मा घरी राहिला."

नकाशावरचा ठिपका टुणकन तळ्यापलीकडे गेला, पुन्हा पाण्यात आला. कॉलेजात शिकलेलं तिला आत्ता आठवलं. उपग्रह कुणाला बघत नाहीत. ते नुसती वेळ पुकारत असतात. प्रत्येकाची हाक पोचायला किती वेळ लागला, त्यावरून घड्याळ आपली जागा ताडतं. हाक भिंतीवर आपटून, वळसा घेऊन आली, की बिचारं फसतं.

"बाबा, डोक्यावर काय आहे?"

"छप्पर. डॉक्टरांचं नाव घेऊन तूच बजावलंयस ना, उन्हात थांबायचं नाही म्हणून? वाट चुकलो की मी आपला सावली धरून उभा राहतो."

तिने डोळे मिटले. रोज दारातून ती तेच सांगत आली होती.

"बाबा, उन्हात या."

"काय?"

"इमारतींपासून लांब, आभाळ मोकळं दिसेल तिथे उभे राहा. घड्याळाचा हात वर करा."

"आणि डॉक्टर ओरडले तर?"

"डॉक्टरांना मी बघून घेते. तुम्ही या!"

ठिपका थरथरला. मग हळूहळू पाण्याबाहेर आला, रस्ता ओलांडून एका पार्किंगमध्ये जाऊन थांबला. ती जवळजवळ पळतच निघाली.

रिकाम्या पार्किंगच्या मधोमध सासरे उभे होते. घामाने निथळत, वर्गात उत्तर येत असलेल्या पोरासारखा हात उंच धरून. त्यांना बघून बाळ खिदळलं.

"आता खाली घेऊ का? मुंग्या आल्या."

तिनेच तो हात खाली घेतला आणि चोळत राहिली.

"उद्या चष्मा घेऊनच निघतो," ते म्हणाले.

"उद्या?"

"मग? पाय शाबूत आहेत अजून."

"टोपीही घ्या," ती म्हणाली.

तुमच्याकडचंही कुणी या घटकेला एकटंच बाहेर पडलं असेल. ठिपका बघून झाला असेल, तर जरा त्यांचा आवाजही ऐकून घ्या.